शब्दचर्चा : देवाचा 'प्लॅन', 'योजना' की 'संकल्प'?

ऐरोलीकर :
नमस्कार मंडळी. आमच्याकडे ऐरोलीत दर गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थना असते, आणि सध्या निकाल, ॲडमिशन, इंटरव्ह्यू सगळं एकदमच आल्यामुळे जो तो मुलांना "देवाचा प्लॅन आहे, भरवसा ठेव" असं सांगतोय. त्यात चुकीचं काहीच नाही पण पुढच्या गुरुवारी मला मुलांशी यावरच बोलायचंय आणि 'प्लॅन' काही मनात उतरत नाहीये. 'योजना' म्हणायला जावं तर नवी मुंबईत सिडकोची सोडतच डोळ्यांपुढे येते, अर्ज भरा, अनामत भरा, नंबर लागला तर लागला. मराठी बायबलमध्ये यिर्मया २९:११ ला, तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत असं देव सांगतो तिथे, 'संकल्प' आहे. पण आपल्याकडे संकल्प माणसाने सोडायचा असतो ना, मग देवाचा संकल्प हे कानाला कसं वाटतं? आणि प्रार्थनेत पुढचं चित्र डोळ्यांसमोर आणायचं त्याला 'कल्पना करणे' म्हटलेलं चालेल का, की लोकांना ते मनोराज्य वाटेल?

कळवेकर :
ताई, डोळे झाकून 'संकल्प' घ्या. पूजेला बसल्यावर गुरुजी काय करतात बघा, आधी काळ आणि ठिकाण सांगायचं, मग गोत्र, नाव, मग कशासाठी ते, आणि मग पळीने हातावर घातलेलं पाणी ताम्हणात सोडायचं. म्हणजे संकल्पात कोण, कुठे, कशासाठी हे नाव घेऊन बोललं जातं, तो कधी मोघम नसतो. देवाने तुमच्या मुलीचं नाव घेऊन काही मनाशी धरलंय हा अर्थ 'योजना'मध्ये येतच नाही.

दुसरं म्हणजे कल्पना, संकल्प, विकल्प हे तिन्ही एकाच संस्कृत धातूचे, 'कॢप्', म्हणजे रचणं, जुळवणं. पसायदानातले कल्पतरूही त्यातलेच. त्यामुळे संकल्प त्याचा आणि कल्पना आपली असं तुम्ही म्हणालात तर शब्द एकमेकांना धरून राहतात. आणि भरवसा कशाने मोडतो तर विकल्पाने, "मनात विकल्प आणू नकोस" असं आपली जुनी माणसं म्हणायची ते हेच. एक मात्र बघा, त्या वचनात संकल्प अनेकवचनी आहे, "जे संकल्प आहेत". मुलांना 'देवाचा प्लॅन' ऐकून वाटतं की एकच ठरलेला रस्ता आहे आणि एक ॲडमिशन हुकली की संपलं, ते वाटणं या अनेकवचनाने जातं. हे नक्की सांगा, प्लीज.

वाशीकर :
वरच्याशी सहमत, पण 'भविष्य' हा शब्दही जपून वापरा असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे भविष्य म्हटलं की लोक पत्रिका काढतात. ते वचन यिर्मया संदेष्ट्याने, यरुशलेमहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या आधीच्याच ओळीत ७० वर्षांची मुदत सांगितलीय, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना परतीची वाट दिसणारच नव्हती. तरी त्यांना सांगितलं काय, तर घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्यासाठी प्रार्थना करा. नुसतं हिताचे संकल्प एवढंच वाचून दाखवलं तर पोरांना वाटतं की येत्या जूनमध्ये सगळं मनासारखं होणार, आणि नाही झालं की ती देवावरच रुसतात.

कल्पनेबद्दल बिनधास्त बोला. बायबलमध्येच इफिसकरांस ३:२० मध्ये 'मागण्या' आणि 'कल्पना' एकाच वाक्यात आहेत, देव त्या दोन्हींच्या पलीकडे करतो असं. म्हणजे कल्पना करायला मनाई नाही, ती लहान पडणार एवढंच. येशूसंघ स्थापणाऱ्या इग्नेशियस लोयोलाने सोळाव्या शतकात प्रार्थनेची पद्धतच अशी घालून दिली, नासरेथ ते बेथलेहेम रस्ता मनात बघा, किती लांब आहे, सपाट आहे का डोंगरदऱ्यांतून जातो, येशू जन्मला ती गुहा केवढी आहे. मनोराज्यात राजा आपण असतो. आणि हल्ली ते 'मॅनिफेस्ट' करणं, म्हणजे हवं ते मनात धरलं की मिळतं असं मानणं, चाललंय त्यात तर चित्र घट्ट धरून ठेवायला सांगतात, प्रार्थनेत ते देवाला दाखवून त्याच्याकडे सोडून द्यायचं असतं.

ऐरोलीकर :
दोघांचेही खूप खूप आभार. दादा, तुमचं सोडून देण्याचं वाचलं आणि आमच्या गटातल्या आजींची प्रार्थना आठवली. नातवाला अजून नोकरी नाहीये. त्या पदर डोक्यावर घेऊन, बोटांनी पदराचा काठ चाचपत म्हणतात, "बापा, मला तो सकाळच्या गाडीला पळताना दिसतोय, पाठीला सॅक, त्यात मी भरलेला डबा, भेंडीची भाजी आहे. तुला वेगळं काही दिसत असलं तर ते कर, पण त्याला एकटं सोडू नको." त्यात प्लॅन नाही, योजना नाही, संकल्पही नाही, पण भाजीसकट कल्पना आहे आणि भरवसा पण आहे. मी बोलायला सुरुवात त्यांच्याच वाक्याने करणार, त्यांना विचारून.

तर फळ्यावर 'संकल्प' लिहिते, अनेकवचनी, आणि यिर्मयाचं पत्र सुरुवातीपासून वाचून घेते. बोलताना कुणी 'प्लॅन' म्हणालं तर टोकणार नाही. फक्त 'विकल्प'चं काय करू? पोरांना विकल्प म्हणजे पेपरातला 'किंवा'वाला प्रश्न वाटतो. 'शंका' म्हणावं तर ती वाईट नसते, शंका विचारायलाच हवी. 'मन खाणं' कसं वाटतं?

कळवेकर :
'मन खाणं' म्हणजे चुकलं म्हणून टोचणी लागणं, ते नको. 'मन डळमळणं' घ्या.