एसी लोकलचं तिकीट अर्धं झालं म्हणून गर्दी झाली का? लोक नक्की बघतात तरी काय?

ठाण्यापलीकडचा:
मंडळी, ऑफिसात डबा खाताना वाद झाला, मिटला नाही, म्हणून इथे टाकतोय. पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर धावली, तिकीट फर्स्ट क्लासच्याही वरचं, त्यामुळे पुढे बरेच दिवस डब्यात आरामात बसायला जागा असायची. मग ५ मे २०२२ पासून सुट्टं तिकीट निम्म्यावर आणलं, ५ किमीचं ६५ चं ३० झालं, आणि गाड्या भरायला लागल्या. आमचा एक जण म्हणतो बघा, शेवटी सगळा पैशाचा खेळ. मी म्हणतो तसं असतं तर २०१४ ला घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाल्यावर लोक स्वस्तातली बस सोडून तिकडे का पळाले? मग नक्की काय चालतं, भाडं, वेळ की सोय? कोणी या लाईनमधलं असेल तर सांगा, आणि प्लीज लिंक नको, नीट समजावून सांगा.

सर्व्हेवाला:
या लाईनमधलाच आहे, ट्रॅफिक सर्व्हे करतो. तिन्ही वेगवेगळं मोजायचं नसतंच, प्रवाशाच्या डोक्यात त्या सगळ्याची एकच बेरीज होत असते आणि ती घरच्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत असते. तिकीट, चालणं, वाट बघणं, गाडीतला वेळ, गाडी बदलणं, उभं राहणं, सगळं त्यात. आता यातली गंमत अशी की सगळी मिनिटं सारखी नसतात. आमच्याकडे ढोबळ हिशोब असतो की स्टॉपवर ताटकळलेलं एक मिनिट गाडीत बसलेल्या जवळजवळ दोन मिनिटांएवढं जड जातं. गाडी कधी येईल हेच माहीत नसेल तर आणखी जड. म्हणून बस वेगाने पळवण्यापेक्षा दर पंधरा मिनिटांची बस दर सात मिनिटांनी केली तर पुष्कळदा जास्त माणसं येतात.
मेट्रोचं उत्तर त्यातच आहे. ११.४ किमी, विसेक मिनिटं, आणि मुख्य म्हणजे रोज तेवढीच. रस्त्याने तेच अंतर कधी पाऊण तास, पावसात दीड तास. माणूस सरासरी बघून निघत नाही हो, सगळ्यात वाईट दिवस धरून घर सोडतो. त्यामुळे मेट्रोने वाचवलेला खरा वेळ वेळापत्रकात दिसतो त्याहून जास्त.
भाड्याबद्दल जगभर एक जुना ठोकताळा वापरतात, भाडं १० टक्के वाढलं तर प्रवासी साधारण ३ टक्के कमी होतात. पण तो सरसकट लावायचा नाही. छोट्या अंतराला माणूस चट्कन बदलतो कारण हातात दुसरं काहीतरी असतं, चालणं नाहीतर शेअर रिक्षा. बेस्टने जुलै २०१९ मध्ये ८ चं किमान भाडं ५ वर आणलं तेव्हा प्रवासी धडाधड वाढले होते, आणि मे २०२५ मध्ये साध्या बसचं ५ चं १० झालं. स्टेशन ते घर एवढ्यासाठीच बस पकडणारा यात पहिला गळतो, लांबच्याला तेवढं जाणवत नाही.

बदलापूरची लेक:
सर्व्हेवाले दादा बरोबर बोलताय पण एक राहिलं. ऑगस्ट २०२२ आठवतंय ना, कळवा आणि बदलापूरला लोकांनी आंदोलन केलं होतं, आणि शेवटी मध्य रेल्वेने १० एसी फेऱ्या मागे घेतल्या. बाहेरच्यांना वाटलं यांना काय एसीचं वावडं आहे का. अहो, एसी गाडी जास्तीची म्हणून येत नव्हती, साधी काढून तिच्या जागी येत होती. म्हणजे एसीवाल्यासाठी सोय वाढली आणि साध्या पासवाल्यासाठी दोन गाड्यांमधलं अंतर वाढलं, एकाच गाडीमुळे!! आणि २०२२ ला निम्मं झालं ते सुट्टं तिकीट, पास नाही. रोज जाणारा माणूस पासावर असतो, त्याला त्या सवलतीचं काय कौतुक.
माझं स्वतःचं म्हणाल तर सकाळी मस्टर गाठायचं असतं म्हणून जी पहिली येईल ती, लेडीज डब्यात घुसायचं आणि ग्रुपमध्ये उभं राहायचं. एसीचं तिकीट काढलंच तर संध्याकाळी, एप्रिल-मे मध्ये, ते पण पाठ धरली असेल तर. सकाळी मी वेळ विकत घेते आणि संध्याकाळी सोय, माणूस तीच, पगार तोच.

शंकासूर:
सगळं ठीक पण तिकीट कमी झालं ते कधी, मे महिन्यात. अंगाची लाहीलाही होत असताना. आणि कोविडनंतर ऑफिसं भरत होती ती पण त्याच सुमारास. मग किती माणसं ३० रुपयांमुळे आली, किती उकाड्यामुळे आणि किती तशीही आलीच असती हे कसं वेगळं काढणार? आधीचा आकडा, नंतरचा आकडा, वजाबाकी करून टाळ्या, असं चालत नाही. बेस्टचं पण तसंच बघा, भाडं कमी-जास्त झालं ते दिसतं, मधल्या काळात बस किती वेळाने येत होती ते कोण मांडतंय.

वडापवाला:
आमच्याकडची गोष्ट सांगतो, सातारा जिल्हा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट. झालं काय की बाजाराला, बँकेत, दवाखान्यात जायचं काम घरात ज्याच्याकडे होतं ते आपसूक बायकांकडे आलं, आमची आई आता बहिणीकडे पण सहज जाऊन येते, आधी लग्नकार्य असल्याशिवाय निघायची नाही. म्हणजे काही फेऱ्या नवीनच जन्माला आल्या, कुठून हिसकावलेल्या नाहीत. पण हे रस्त्यावरच्या गावांना. आत वाडीवर जिथे एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, तिथे निम्मं करा नाहीतर फुकट करा, दुपारी निघायचं असेल तर वडापच, म्हणजे खासगी शेअर जीप. वडाप महाग, कोंबून बसवतात, भरल्याशिवाय हलत नाही, तरी लोक त्यातच बसतात कारण समोर उभी असते.

सर्व्हेवाला:
शंकासूर, मुद्दा मान्य, म्हणूनच नुसती आधी-नंतरची मोजणी करत नाहीत. माणसापुढे कुठले पर्याय होते, प्रत्येकाला वेळ आणि पैसा किती, आणि त्याने कुठला निवडला, हे माणूस माणूस धरून विचारतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला १९७२ ला बार्ट रेल्वे सुरू झाली तेव्हा मॅकफॅडन नावाच्या अर्थतज्ज्ञाने असंच केलं होतं. सरकारी अंदाज होता १५ टक्के लोक येतील, याचा ६.३, आणि प्रत्यक्षात आले ६.२. पुढे २००० मध्ये नोबेल मिळालं त्याला, याच पद्धतीच्या कामासाठी. आपल्याकडे नवीन मेट्रोचे फुगवलेले अंदाज वाचले की मला तो १५ चा आकडा आठवतो.
वडापवाले, तुमची आई म्हणजे आमच्या भाषेत दबलेली मागणी. स्टॉपवर उभं राहून मोजणाऱ्याला ती कधीच दिसत नाही कारण ती तिथे नसतेच.

ठाण्यापलीकडचा:
भारी चर्चा. मग पासही निम्मा केला तर सगळं सुटेल ना?

सर्व्हेवाला:
नाही सुटणार. एसीचे दरवाजे बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही. पास स्वस्त झाला की लोक लोटतील, दरवाजा लागेना, गाडी फलाटावर अडकणार, मागच्या सगळ्या लेट, आणि ज्या सोयीसाठी पैसे मोजले तीच गेली. तिथे जादा भाडं हे दारावरच्या वॉचमनचं काम करतंय. आधी जास्तीच्या गाड्या आणा, साध्यांना हात न लावता, मग पासाचं बोलू.

बदलापूरची लेक:
+१, आणि "साध्यांना हात न लावता" हे जरा बोल्ड करा.