मदत हवी आहे : ईपीडब्ल्यूमधला जुना लेख मिळत नाहीये

वैतागलेला_विद्यार्थी : सोमवारी गाइडना चॅप्टर द्यायचाय आणि ईपीडब्ल्यूतला (इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली) एक लेख कुठेच सापडत नाहीये. जेस्टोअर (जर्नल्सचा ऑनलाइन संग्रह) पालथं घातलं. लॉगिन चालू आहे, तेव्हा 'लॉगिन तपासा' कृपया नको. कुणाकडे पीडीएफ आहे का? अर्जंट!

घाटावरचा : कुठला लेख? कुणाचा? साल?

वैतागलेला_विद्यार्थी : समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांचा. म्हैसूरकडच्या गावावरचा.

नाना_पेठकर : आधी दांडेकर-रथांचा ईपीडब्ल्यूतला गरिबीवरचा अभ्यास वाचा. जानेवारी 1971, लागोपाठ दोन अंक. दारिद्र्यरेषेसाठी रोज माणशी 2250 कॅलरींचा हिशेब, 1960-61 च्या भावानं खेड्यात माणशी महिना 15 रुपये, शहरात साडेबावीस. आमच्या गोखले इन्स्टिट्यूटचं काम. आजकाल असं कोण लिहितं?

घाटावरचा : नाना, गरिबीचं कुणी विचारलंय? @विद्यार्थी, साल सांगा हो.

वैतागलेला_विद्यार्थी : 1951. संदर्भात 'ई. डब्ल्यू.' एवढंच आहे, मधला 'पी' छापायचा राहिलाय.

चकलीबाई : राहिला नाहीये. 1951 मध्ये ईपीडब्ल्यू होतं कुठे! सचिन चौधरींनी 1949 ला मुंबईत 'इकॉनॉमिक वीकली' काढलं, ते 1965 पर्यंत चाललं. ईपीडब्ल्यू 1966 चं. जेस्टोअरवर तुम्ही ईपीडब्ल्यूत शोधताय, तिथे 1966 च्या आधीचं कसं मिळेल? ईपीडब्ल्यूच्या साइटवर जुन्या वीकलीचा वेगळा विभाग आहे. ऑक्टोबर 1951 बघा.

नाना_पेठकर : संपादक तेच, मुंबई तीच. मासिक एकच म्हणायचं.

चकलीबाई : मासिक नाही, साप्ताहिक. आणि खंड पुन्हा 1 पासून सुरू झाले. तुमच्या दांडेकर-रथांच्या अंकावर खंड 6 आहे, बघा काढून.

नाना_पेठकर : कृष्ण राज 1969 ते 2004 संपादक होते, तेव्हाची शान वेगळीच. खंडाचं काय घेऊन बसलात!

प्राध्यापक_होणार : ईपीडब्ल्यूत छापून आलं तर प्रमोशनला धरतात का? यूजीसीनं केअर यादी (मान्य जर्नल्सची) 2025 मध्ये बंद केली ना?

घाटावरचा : त्यासाठी वेगळा धागा काढा राव.

चकलीबाई : @विद्यार्थी, साइटवर अडलं तर 'इंडियाज व्हिलेजेस' बघा, 1955 चं. वीकलीतले गावांवरचे लेख त्यात एकत्र आलेत, हाही आहे.

वैतागलेला_विद्यार्थी : पुस्तक नको, गाइडना मूळ अंकाचे पान क्रमांक हवेत. साइटवर ऑक्टोबर उघडतोय, फार स्लो आहे.