हॅस्केलची एडिटर-साधने इतक्या वेळा का बदलली?

प्रश्न
मी २०१५ च्या सुमारास हॅस्केल ही प्रोग्रामिंग भाषा शिकलो, तेव्हा व्हिम या एडिटरमध्ये टाइप (मूल्यांचे प्रकार) आणि चुका दाखवणारे जीएचसी-मॉड हे साधन बसवले की काम भागत असे. मध्यंतरी भाषेशी संबंध राहिला नाही. आता परतल्यावर दिसते की जीएचसी-मॉड बंद पडले आहे, पुढे आलेले इंटेरोही थांबले आहे आणि सगळे जण एडिटरला हीच माहिती पुरवणारा हॅस्केल लँग्वेज सर्व्हर सुचवतात. साधने एकामागून एक मोडीत का निघाली? शिवाय हा सर्व्हर माझ्या मुख्य फाइलींमध्ये टाइप व्यवस्थित दाखवतो, परंतु चाचणीच्या नव्या फाइलीत चुका दाखवतो. कॅबल या बांधणीच्या साधनाने मात्र प्रकल्प विनातक्रार बांधला जातो.

प्रतिसाद १
दोष एडिटरचा नव्हता. हॅस्केलमधील टाइप ठरवण्याचे काम इतके गुंतागुंतीचे आहे की कोणतेही साधन ते नव्याने लिहीत नाही, तर थेट जीएचसी या हॅस्केलच्या कंपायलरचाच आधार घेते. आणि जीएचसीची अंतर्गत रचना आवृत्तीगणिक बदलत असल्याने प्रत्येक साधनाला तिच्यामागे धावावे लागते. प्रकल्पासाठी वापरलेली आणि साधन ज्यावर बांधले ती, अशा दोन्ही जीएचसी आवृत्त्या जुळल्या नाहीत तर गाडे अडते. हे बंधन आजही सुटलेले नाही. जीएचसीअप या स्थापनेच्या साधनामुळे योग्य जोडी बसवणे सोपे झाले, इतकेच.

दुसरी अडचण प्रत्येक एडिटरसाठी वेगळा जोड लिहिण्याची होती. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे कोणताही एडिटर आणि भाषेचे साधन यांच्यातील संवादाचे समान नियम, खुला केल्यावर ती बरीच मिटली. तरीही हॅस्केलमध्ये काही काळ दोन प्रयत्न समांतर चालले, हॅस्केल आयडीई इंजिन आणि जीएचसी-आयडीई. २०२० मध्ये त्यांची शक्ती एकवटून आजचा सर्व्हर उभा राहिला.

प्रतिसाद २
वरील इतिहासात जीएचसीआयडी राहून गेले, आणि माझ्या मते तेच सर्वांत शहाणे साधन आहे. ते जीएचसीआय, म्हणजे जीएचसीचा परस्परसंवादी कन्सोल, चालू ठेवते, फाइल जतन झाली की ती पुन्हा लोड करते आणि चुका टर्मिनलमध्ये दाखवते. एडिटरशी त्याला देणेघेणे नाही, आणि कंपायलरच्या अंतरंगात ते शिरत नसल्यामुळे नव्या आवृत्तीने ते सहसा मोडत नाही. नावाखाली टाइप दिसणे किंवा व्याख्येकडे उडी मारणे मात्र त्यात मिळत नाही.

प्रतिसाद ३
मूळ प्रश्नातील अडचण मला आवृत्तीची वाटत नाही. ही फाइल प्रकल्पाच्या कोणत्या घटकाची (मुख्य भाग, चाचणी इत्यादी) आहे आणि ती कोणत्या पर्यायांसह कंपाइल करायची, हे सर्व्हरला एचआयई-बायॉस या जोडणाऱ्या लायब्ररीमार्फत कॅबलला किंवा स्टॅक या दुसऱ्या बांधणी-साधनाला विचारावे लागते. कॅबलच्या फाइलीत नवे मॉड्यूल नोंदवलेलेच नसेल, तर उत्तर चुकीचे येणारच. कॅबल बिल्ड स्वतःहून चाचण्या बांधत नाही, म्हणून तिकडे तक्रार दिसली नसावी. प्रकल्पाच्या मूळ निर्देशिकेत हॅस्केल-लँग्वेज-सर्व्हर-रॅपर टर्मिनलवरून चालवून पाहा. कोणती फाइल कुठे अडते ते त्यात दिसते.

प्रश्नकर्ता
आपला अंदाज बरोबर ठरला. चाचणीचे मॉड्यूल कॅबलच्या फाइलीतील अदर-मॉड्यूल्स या यादीत लिहायचे राहिले होते. ते लिहून सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर चुका गेल्या. जीएचसीआयडीही शेजारच्या खिडकीत चालू ठेवले आहे.