डेल्टा कॉर्प: फ्री कॅश फ्लो यील्ड बघून डोळे झाकून घ्यायचा?

ताळेबंद_ठाणे: डेल्टा म्हणजे गोव्यात मांडवी नदीतल्या जहाजांवर कॅसिनो चालवणारी कंपनी. परवा इथे कुणीतरी लिहिलं, "डेल्टाचा यील्ड मुदत ठेवीच्या वर आहे, डोळे झाकून घ्या." राहवलं नाही म्हणून लिहितोय. हा यील्ड म्हणजे खर्च वजा जाता उरलेली रोख भागिले मार्केट कॅप, म्हणजे कंपनीच्या सगळ्या शेअर्सची बाजारातली किंमत. पण धंद्यातून आलेल्या रोखीतून त्या लिहिणाऱ्याने फक्त देखभालीचा खर्च वजा केलाय. नवं जहाज, पेडण्याचा प्रकल्प हा म्हणे "वाढीचा खर्च", तो धरायचा नाही. अहो, दमणचं हॉटेल हाही वाढीचाच खर्च होता ना? २०१४ ला हॉटेल उघडलं, कॅसिनोचा परवाना अडकला तो अडकलाच. आणि सप्टेंबर २०२३ ची जीएसटी नोटीस? एकट्या मुख्य कंपनीला ११,१३९ कोटींची. तेव्हाच्या मार्केट कॅपच्या दुपटीहून जास्त!

दीर्घपल्ला: ते लिहिणारा मीच. नोटीस म्हणजे देणं नव्हे. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच ऑक्टोबरमध्ये बजावलं, आमच्या परवानगीशिवाय अंतिम आदेश काढू नका. हे लिहायला विसरलात? घसारा (मालमत्तेची झीज, जी नफ्यातून वजा होते पण रोख जात नाही) एवढा असलेल्या धंद्यात नफ्यापेक्षा रोख बघावी, यावर मी ठाम आहे. वाढीचा खर्च पापच असेल तर अमेरिकेच्या सँड्स कंपनीने सिंगापूरला मरीना बे हा कॅसिनो बांधायलाच नको होतं.

मालवणी_खलाशी: देखभालीचा आकडा तरी कुठून आणलात? माझ्या दोन बोटी होत्या पर्यटकांच्या. एका वर्षी तळ खरवडायचा राहिला. पुढच्या हंगामात शिंपल्यांचा बोटभर थर, डिझेल दीडपट, आणि ऐन दिवाळीत बोट किनाऱ्यावर ओढलेली. खर्च पुढे ढकलला की त्या वर्षीची रोख छान दिसते. एका वर्षाचा यील्ड मला सांगू नका.

मांडवीकाठ: तुम्ही सगळे यील्ड मोजा. संध्याकाळी सातनंतर जेट्टीसमोरचा बांदोडकर रस्ता माझ्या सासूबाईंना घेऊन एकदा ओलांडून दाखवा! कॅसिनो मांडवीतून हलवणार, हे प्रत्येक सरकार सांगतं आणि मग मुदतवाढ देतं. २०२० पासून गोंयकारांना आत खेळायला बंदी आहे, पण नदी आमचीच अडलेली.

दीर्घपल्ला: ताई, हा शेअरचा धागा आहे. रहदारीचा वेगळा काढा.

मांडवीकाठ: का काढू? ज्या नदीवर तुमची रोख तरंगते, तिचा विषय परका कसा? उद्या मुदतवाढ नाही मिळाली तर यील्ड कशाचा मोजणार? तुमच्यासाठी तो आकडा असेल, आमचं ते अंगण आहे.

सातारकर: +१. आमच्याकडेही नदीकाठ असाच गेला.

ताळेबंद_ठाणे: ताईंचा मुद्दा शेअरचाच आहे. परवान्याची मुदत सरकारच्या हातात असेल तर आजची रोख कायमची धरून भागाकार करताच येत नाही. शिवाय कर बघा. हजाराच्या चिप्स (कॅसिनोत खेळायच्या चकत्या) घेऊन गिऱ्हाईक दोनशे हरलं, तर पूर्वी कर त्या दोनशेवर, छप्पन्न रुपये. ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण हजारावर, दोनशे ऐंशी. सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के, म्हणजे चारशे. टेबलाने जिंकले दोनशे, कर चारशे! तो कुणीही भरो, गिऱ्हाईक किंवा कंपनी, खेळ आटणारच. जुन्या वर्षांची रोख घेऊन काढलेला यील्ड आता काय कामाचा?

दीर्घपल्ला: बरं. ४० टक्क्यांनंतरच्या वर्षाची रोख धरायला हवी होती, एवढं मान्य. पाच वर्षांची सरासरीही काढतो, खलाशीबुवांसाठी. पण दमणचं उदाहरण घेऊन सगळाच वाढीचा खर्च बुडीत धरणं मला पटत नाही, आणि पटणारही नाही.

मांडवीकाठ: आणि मुदतवाढ? ती कुठल्या रकान्यात घालणार?