काडीवरच्या चॉकलेट कुकीज काडीवर टिकतच नाहीत! शुक्रवारी शाळेत पार्टी आहे, सल्ला द्या

पसारा_फार

लेकीच्या वर्गाची पार्टी पुढच्या शुक्रवारी आहे. खाऊची यादी फिरत होती तेव्हा जोशात येऊन "चॉकलेटमध्ये बुडवलेल्या काडीवरच्या कुकीज माझ्याकडे" असं लिहून मोकळी झाले. मुलं ३२, वय सहा-सात.

काल रात्री सहा नगांची रंगीत तालीम केली. त्यातल्या चार कुकीज चॉकलेटमधून वर उचलताना काडीवरून सुटून भांड्यात पडल्या. टप्प. लेक शेजारी स्टुलावर उभी राहून मोजत होती, "आई, तिसरी गेली." उरलेल्या दोन टिकल्या म्हणून खूश होते, तर सकाळी त्यांच्यावर पांढरट डाग. बुरशी आल्यासारखे. शिवाय दुसऱ्यांदा वितळवायला ठेवलेलं चॉकलेट मध्येच ओल्या वाळूसारखं रवाळ होऊन बसलं, ते हलेचना.

काय केलं ते सगळं सांगते. घरच्या बटर कुकीज भाजून गार झाल्यावर त्यांत काडी खुपसली (खुपसताना दोन फुटल्या, त्या वरच्या हिशेबात नाहीत). नेहमीचा खायचा डार्क चॉकलेटचा बार तोडून गरम पाण्याच्या पातेल्यावर वाटीत वितळवला, लवकर व्हावं म्हणून वर झाकण ठेवलं. बुडवून झाल्यावर फ्रिजमध्ये.

नक्की कुठे चुकतंय? आणि आधी करून ठेवता येतील का? नोकरीमुळे बुधवार आणि गुरुवारची संध्याकाळ एवढंच हातात आहे.

ओट्यापाशी

अगं, झाकण! झाकण कशाला ठेवलंस? त्याच्या आतल्या बाजूला वाफ जमते आणि थेंब चॉकलेटमध्ये पडतात. चॉकलेट म्हणजे साखर आणि कोकोचे कोरडे कण तुपासारख्या चरबीत पसरलेले असतात. त्यात चमचाभर पाणी गेलं की साखर चिकट होते आणि कण एकमेकांना धरून बसतात. तेच तुझं वाळूसारखं झालं. ते टाकू नकोस, कोमट दूध किंवा क्रीम एकेक चमचा घालत ढवळ, छान सॉस होईल. बुडवायला मात्र ते आता उपयोगाचं नाही.

वाटी, चमचा, हात सगळं खडखडीत कोरडं हवं. खालचं पाणी उकळतं नको, वाटीच्या बुडाला लागायलाही नको. मायक्रोवेव्ह असेल तर तोच वापर: अर्ध्या पॉवरवर २०-३० सेकंद, बाहेर काढून ढवळ, पुन्हा २० सेकंद. थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबायचं, तेवढे आतल्या उष्णतेने विरघळतात.

आता काडी. भाजलेल्या कुकीत काडी खुपसणं हा प्रकारच सोडून दे. एक तर कुकी फुटते, नाहीतर भोक सैल होतं आणि काडी नुसती आत उभी राहते, धरून काहीच ठेवत नाही. दोन रस्ते आहेत.

भाजायच्या आधी काडी घालायची. कणीक नेहमीपेक्षा जाड लाट, ८ ते १० मिलीमीटर. काडी कडेने आत गोल फिरवत सरकव, निदान अर्ध्याच्या पुढे जाऊ दे. मागे कुठे दिसायला लागली तर कणकेचा छोटा तुकडा लावून थापून टाक. भट्टीत चालणारी कागदी काडीच घे, प्लॅस्टिकची नळी वितळेल. बेकिंग पावडर घालू नकोस, कुकी फुगून पसरली की काडीभोवती पोकळी होते. साखर १, लोणी २, मैदा ३, सगळं वजनाने, एवढंच पुरे. अंडंही नको. कापलेले आकार ट्रेसकट अर्धा तास फ्रिजमध्ये घट्ट करून मग भाज.

दुसरा रस्ता, आणि हातात दोनच संध्याकाळी असतील तर माझं मत यालाच: विकतची दोन थरांची क्रीम बिस्किटं. बिस्किट हलक्या हाताने पिळून उघड. ज्या अर्ध्यावर क्रीम आहे तिथे काडी दाबून खाच कर, खाचेत वितळलेलं चॉकलेट थोडं सोड, काडीचं टोकही त्यात बुडव, बसव, वर दुसरं अर्धं ठेवून दाब. मग आडवं ठेव आणि विसरून जा. चॉकलेट पूर्ण घट्ट होईस्तोवर, म्हणजे २० मिनिटं तरी, बुडवायला घ्यायचं नाही. हे चॉकलेट म्हणजे तुझा डिंक आहे. सगळे इथेच घाई करतात आणि मग "टप्प".

मोजूनमापून

पांढरे डाग म्हणजे बुरशी नाही, खुशाल खा. कारणं दोन असू शकतात. वितळलेलं चॉकलेट तसंच थिजू दिलं की कोकोची चरबी पृष्ठभागावर येते. किंवा फ्रिजमधून काढल्यावर वर दव धरतं, साखर त्यात विरघळते आणि पाणी उडालं की वर पांढरी राहते. बोट फिरवून बघा. तुपकट लागलं आणि पुसलं गेलं तर पहिलं, खरखरीत लागलं तर दुसरं. तुमच्या बाबतीत बहुतेक दोन्ही.

कोकोची चरबी सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत थिजू शकते. त्यातलं पाचवं आपल्याला हवं, त्यानेच चकाकी येते आणि चावल्यावर कटकन आवाज येतो. ते मिळवण्यासाठी टेम्परिंग. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवा, २७-२८ पर्यंत उतरवा, मग ३१-३२ वर आणून त्याच तापमानात बुडवा. मिल्क चॉकलेट ४५ वरून २६-२७ आणि काम २९-३० वर. घरी सोपं असं की दोन तृतीयांश चॉकलेट वितळवायचं, उरलेलं बारीक चिरून त्यात थोडं थोडं घालत ढवळत राहायचं. चिरलेल्या चॉकलेटमध्ये योग्य स्फटिक आधीच असतात, ते बाकीच्याला वळण लावतात. सुरीच्या टोकावर थोडं घेऊन ठेवा. पाच मिनिटांत चकचकीत घट्ट झालं की सुरू करा.

थर्मामीटर मात्र हवाच.

रविवारची_आळशी

मोजूनमापून, तुमचं सगळं बरोबर आहे, पण ही बाई ऑफिसातून येऊन ३२ मुलांसाठी करणार आहे. २८ अंश की २९ हे बघत रात्री एक वाजेल.

पसारा, सरळ कंपाउंड चॉकलेट घे. त्यात कोकोच्या चरबीऐवजी वनस्पतीची चरबी असते, टेम्परिंगची भानगडच नाही. वितळव, बुडव, दहा-पंधरा मिनिटांत घट्ट. उन्हाळ्यात हातात कमी वितळतं. घट्ट वाटलं तर पाव किलोला एक छोटा चमचा वास नसलेलं तेल घाल, सैल होतं. पाणी किंवा दूध नाही!

मोजूनमापून

आणि टाळूला मेणासारखं चिकटतं त्याचं काय?

रविवारची_आळशी

सहा वर्षांचं मूल वरचे साखरेचे रंगीत दाणे चाटून आधी संपवतं हो. टाळूपर्यंत जातं कोण?

मोजूनमापून

मुलांच्या जिभेला कमी लेखता तुम्ही. असो. खरं चॉकलेट आणि कंपाउंड एकत्र मात्र वितळवू नका, चरबी वेगवेगळ्या असतात, जुळत नाहीत. मऊ आणि डागाळलेलं निघेल.

खडूस_बाबा

चॉकलेटच्या आधी एक फोन करा. वर्गात कोणाला कशाची ॲलर्जी आहे का, बाईंना विचारा. आणि बाहेरचा खाऊ चालतो का तेही. काही शाळांत फक्त पाकीटबंद चालतं.

माझ्या मुलाला शेंगदाण्याची आहे. "घरी केलंय, काही नाही त्यात" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण चॉकलेटच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ते शेंगदाणे आणि सुकामेवा हाताळणाऱ्या कारखान्यात बनलंय, आणि ते पाकीट तोवर कचऱ्यात गेलेलं असतं. म्हणून चॉकलेट, बिस्किटं, वरचे रंगीत दाणे, सगळ्यांची पाकिटं जपून ठेवा आणि मागच्या बाजूचे फोटो बाईंना पाठवा. डार्क चॉकलेटमध्येही दुधाचा अंश असू शकतो, कंपाउंडमध्ये बहुतेक वेळा दूध पावडर असते, बिस्किटात गहू आहेच, सोयाही दोन्हीकडे सापडतो.

"त्या मुलासाठी दोन वेगळ्या करते" असं त्याच भांड्यात, त्याच ओट्यावर करू नका. तुम्हाला बरं वाटेल, पण त्याच्या आईबाबांना त्यावर विसंबता येणार नाही. त्यांनाच विचारा, त्याच्यासाठी काय आणू. हे कोणी विचारलं तरी आम्हाला पार्टी झाल्यासारखी वाटते.

आणि टोकदार बांबूच्या काड्या नकोत. बोथट कागदी, जरा आखूडच. बसूनच खाऊ द्या. काडी तोंडात धरून पळणारी ३२ मुलं डोळ्यांसमोर आणा.

पसारा_फार

बाईंना फोन केला. वर्गात एका मुलाला दूध चालत नाही, मला माहीतच नव्हतं! त्याच्या आईशी बोलले, तिने एका पाकीटबंद बिस्किटाचं नाव सांगितलं, तेच आणणार. खडूस_बाबा, नाव बदला तुमचं.

क्रीम बिस्किटं आणि कंपाउंड हे ठरलं. (मोजूनमापून, सुट्टीत तुमच्या पद्धतीने नक्की करेन. खरंच.) आता सांगा, चॉकलेट किती लागेल? रंगीत दाणे कधी घालायचे? आणि पांढऱ्या चॉकलेटला गुलाबी रंग द्यायचाय, घरात केकचा जेल रंग आहे.

ओट्यापाशी

जेल रंग नको! त्यात पाणी असतं, पुन्हा वाळू. तेलात मिसळणारा, चॉकलेटसाठीचा रंग मिळतो, तो आण. नाही मिळाला तर पांढरं पांढरंच राहू दे, दाणे आहेतच की.

पाच सेंटीमीटरच्या बिस्किटावर साधारण १५ ग्रॅम चॉकलेट बसतं. तू ४० धरून चाल, फुटतात, पडतात, घरचे खातात. म्हणजे ६०० ग्रॅम. पण शेवटच्या पाचांना बुडवायला भांड्यात खोली उरत नाही, म्हणून ७५० आण. एकदम वितळवू नकोस, दोन खेपांत कर. पसरट वाडग्याऐवजी अरुंद उंच पेला घे, कमी चॉकलेटमध्ये बिस्किट पूर्ण बुडतं.

बुडवताना आत घोळत बसू नकोस. सरळ खाली, सरळ वर. अर्धवट झाकलं गेलं तर चमच्याने वरून ओत. मग काडी धरलेल्या हाताच्या मनगटावर दुसऱ्या हाताने हलक्या टिचक्या मार, जास्तीचं ओघळून जातं आणि थर गुळगुळीत होतो. काडीवरच टिचकी मारलीस तर सांधा हलतो. खालचा थेंब पेल्याच्या काठाला निपटून बटर पेपरवर आडवी ठेव. दाणे लगेच, पहिल्या अर्ध्या मिनिटात. कंपाउंड बघता बघता सुकतं, मग दाणे घरंगळतात. म्हणून एक बुडव, एक सजव. दहा बुडवून मग सजवायला बसलीस तर नुसती झाडू मारशील. लेकीला दाण्यांच्या कामावर बसव.

रविवारची_आळशी

बिस्किटं फ्रिजमधली गार घेऊ नकोस. वर गरम चॉकलेट बसतं, आतलं बिस्किट नंतर खोलीच्या तापमानाला येताना किंचित फुगतं आणि कवचाला तडा जातो. मी एकदा पन्नासच्या पन्नास तडकलेल्या नेल्या होत्या. वरून पांढऱ्या रेघा ओढून "डिझाइन आहे" म्हणून खपवल्या.

बुधवारी काड्या बसव, गुरुवारी बुडव. दोन तास तरी उघड्यावर सुकू दे, मग पिशव्या बांध. रात्रभर गार, कोरड्या जागी डब्यात. अगदीच उकडत असेल आणि फ्रिजमध्ये ठेवावंच लागलं तर हवाबंद डब्यात, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. दव डब्यावर धरू दे, कुकीवर नको.

दुपारची_झोप

वाचनमात्र होते, पण एक सांगते. थर्माकोलमध्ये खोचून फुलदाणीसारख्या उभ्या न्यायचा मोह होईल. फोटोत सुंदर दिसतं. आमच्या गाडीने एकच ब्रेक मारला आणि पूर्ण बाग आडवी. आडव्या न्या, थरांमध्ये बटर पेपर. खोचायच्या असतील तर तिथे पोचल्यावर.

पसारा_फार

शुक्रवार, दुपार. ४० केल्या. एक पेल्यात गेली (घाई, २० मिनिटांच्या जागी १०), दोन घरात गायब झाल्या, ३७ शाळेत पोचल्या. काडीवरून एकही सुटली नाही! तीन-चारांच्या खालच्या बाजूला चॉकलेटचं डबकं साचून चपटा पाय तयार झाला होता, तो सुरीने कापून टाकला. मनगटावर टिचकी मारायचं पहिल्या काही वेळा विसरले, त्याचा हा परिणाम.

रविवारची_आळशी, तुमचं खरं निघालं. बऱ्याच जणांनी आधी दाणे चाटले. आणि मोजूनमापून, तुमचंही, एका मुलीने मला येऊन गंभीरपणे सांगितलं की आतलं बिस्किट जास्त छान आहे.

खडूस_बाबा

काड्या मोजून परत घेतल्या ना?

पसारा_फार

बाईंनी घेतल्या. एक कमी भरली. आत्ता लेकीच्या कंपासपेटीत सापडली, चाटून स्वच्छ केलेली, "पुढच्या वेळेला लागेल" म्हणून.