दुपारी 1 ते 4 दुकान बंदच ठेवावं का?

रीळवाला
आमचं शिलाई सामानाचं दुकान आहे, पुण्यात, पेठेत. रिळं, फॉल, अस्तर, बुकरम, हुक, लेस, बटणं. आजोबांपासून वेळ एकच: सकाळी साडेनऊ ते एक, मग चार ते साडेआठ. मधे शटर खाली. बाबा वर जाऊन जेवतात, डोळ्यांवर पेपर घेऊन पडतात, पावणेचारला चहा. मीही तेच करतो आणि मला त्याची लाज वाटत नाही.

धाकट्या भावाचं म्हणणं, हे आता पुरे. चितळे बंधूंनीसुद्धा 2017 मध्ये दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, मग आपण कोण लागून गेलो? अहो, पण त्यांच्याकडे पाळ्या लावण्याइतकी माणसं आहेत. आमच्याकडे बाबा, मी आणि कामाला दोन मुलं.

माझं मत: धावपळ कमी करा, स्वतःसाठी वेळ काढा, असं जो तो सांगतो. पण वेळ 'काढायचा' म्हटलं की तो कधीच निघत नाही, कायम काहीतरी आडवं येतं. शटर पडलं की पडलं. त्याला मनाचा निर्धार वगैरे लागत नाही. पूर्वी सगळी गल्ली बंद असायची, तेव्हा गिऱ्हाईक मुकाट्याने चारनंतर यायचं. आता आम्ही आणि समोरचे घड्याळवाले एवढेच उरलोय. आळशी म्हणायचं तर खुशाल म्हणा, फक्त कारण द्या.

हिंजवडी_फेज_तीन
घ्या कारण. सोमवार ते शुक्रवार आमचा दिवस कंपनीचा आणि रात्र अमेरिकेच्या कॉलची. नारायण मूर्ती 2023 मध्ये आठवड्याला 70 तास काम करा म्हणाले तेव्हा आमच्या टीममध्ये कोणाला धक्काच बसला नाही. बाजारहाटाला उरते शनिवारची दुपार. पेठेत गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास जातो आणि मग समोर तुमचं शटर. तुमचा निवांतपणा माझ्या एकुलत्या एका सुट्टीतून कापला जातो. वर त्याचे विनोद करून कौतुक!

रीळवाला
शनिवारी सकाळी दहालाही दुकान उघडं असतं. तेव्हा तुम्ही झोपलेले असता. म्हणजे आडवे दोघंही होतो, वेळ तेवढी वेगळी.

हिंजवडी_फेज_तीन
रात्री दोनला लॅपटॉप मिटलेला माणूस सकाळी दहाला झोपलेला असणारच. टोमणा चांगला होता, पण उत्तर नव्हे.

पिको_फॉल
मी घरी ब्लाउज शिवते, तेव्हा तुमच्यासारख्यांचीच गिऱ्हाईक. सकाळी डबे, मग सासूबाईंचं जेवण, मुलगा शाळेतून येतो साडेचारला. मला बाहेर पडायला मिळतात ते दीड ते चार. नेमके तेच तुमचे बंद तास.

आणखी एक, जे दुकानदाराला कळत असूनही तो बोलत नाही. अस्तराचा रंग ट्यूबलाइटखाली जुळवता येत नाही. मोरपंखी म्हणून संध्याकाळी घेतलेलं अस्तर सकाळी भलतंच निळं निघतं. म्हणून आम्ही बायका कापड घेऊन तुमच्या पायरीवर येतो, उन्हात धरून बघतो. ते ऊन असतं तेव्हा तुम्ही पेपर पांघरून झोपलेले. थंडीत चारला उघडता, तासा-दीड तासात उजेड गेलेला.

आणि ती पेपर-चहाची हकीकत वाचली. ताट कोण वाढतं? मागची भांडी? पावणेचारचं आधण साडेतीनला उठून ठेवणाऱ्या बाईला किती तास विश्रांती मिळते, तेही लिहा.

मडगावकर
थोडं आमच्या बाजूने. गोव्यात अजून पुष्कळ दुकानं एकला बंद होतात आणि साडेतीन-चारला उघडतात. कोणाचं अडत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं. मासळी सकाळीच आणलेली असते, जेवण झालं की रस्त्यावर चिटपाखरू नसतं. एप्रिल-मेच्या दमट उन्हात दोन वाजता सामान वाहायला लावणं हा कसला उद्योग? 2022 च्या विधानसभा निवडणुकीआधी गोवा फॉरवर्डच्या विजय सरदेसाईंनी दुपारी दोन ते चार सक्तीची विश्रांती आणू असं आश्वासन दिलं होतं. देशभर हसले लोक. मला तर ते त्या निवडणुकीतलं सगळ्यात समजूतदार वाक्य वाटलं.

अर्थात कळंगुट, बागाला हे काही चालत नाही. तिथे पर्यटक जेव्हा मागेल तेव्हा उघडं. म्हणून तर तिथला दुकानदार पंचेचाळिशीत साठीचा दिसतो.

काउंटरच्या_आतून
मी पंधराएक वर्षं अशाच दोन वेळांच्या दुकानात काउंटरला होतो, दुकानाचं नाव सांगत नाही. मालक वरच राहायचे. एक वाजला की ते जिन्याने वर. मी धायरीला राहायचो. बसने जायला तास, यायला तास, म्हणजे घरी जाण्यात अर्थच नाही. डबा खाऊन गोदामात कापडाच्या ताग्यांवर पडायचं, पंखा नाही. पावसाळ्यात तेही ओलं. पगार आठ तासांचा, अडकलेला मात्र अकरा तास. रात्री घरी पोचायला साडेनऊ-दहा. पोरगी झोपलेली.

कायद्यात याचा विचार आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने अधिनियमात नुसते कामाचे तास मोजत नाहीत. कामावर आल्यापासून सुटेपर्यंतचा एकूण काळ साडेदहा तासांवर जाऊ नये असं त्यात होतं. तुमचं साडेनऊ ते साडेआठ किती झालं, मोजा. माणसं कमी म्हणून तुम्हाला ते लागू नसेल, पण नोकराच्या अंगाला ते कुठे कळतं?

सरळ दहा ते सहा दुकान चालवा आणि सहाला सगळ्यांना सोडा. निवांतपणा म्हणजे तो.

रीळवाला
सहाला? आमचा निम्मा गल्ला सहा ते आठमध्ये होतो. नोकरीवाल्या बायका त्याच वेळी येतात. त्यातल्या किती जणी रंग बघायला येतात आणि किती नुसतं रीळ मागतात, हे मात्र पिकोताईंनी विचारात पाडलं.

मुलांबद्दल: एक मुलगा कसब्यातलाच आहे, तो घरी जातो. दुसरा बाहेरगावचा, दुकानातच पंखा लावून झोपतो. गोदामात कोणाला पाठवत नाही.

गिरणगाव
सगळे आपापल्या दुपारीबद्दल बोलताहेत. रविवारची सुट्टी तरी कुठून आली? नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून ती मागितली, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा 1890 च्या जूनमध्ये मालकांनी ती मान्य केली. एकेका कामगाराने 'मी जरा संथ जगतो' म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस मागावर उभा असता. तेव्हा रीळवाल्यांचं अर्धं पटतं: सगळ्यांची मिळून ठरलेली वेळच टिकते. पण तुमची दुपार मालकांनी मालकांसाठी ठरवली होती, हा फरक आहे.

आणि आता वारं उलटं आहे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानं-आस्थापनांत दिवसाचे नऊचे दहा तास करायला मंजुरी दिली, कारखान्यांत नऊचे बारा. अशा वेळी एखादं दुकान तीन तास बंद राहतंय याचा राग कशाला करायचा? राग दहाव्या तासाचा करा.

हिंजवडी_फेज_तीन
दहाव्या तासाचा राग करून झाला. बटण अजून मिळालेलं नाही.

पिको_फॉल
मधला मार्ग सांगते. आठवड्यातून दोन दिवस, समजा मंगळवार-शुक्रवार, दुपारी उघडं ठेवा आणि त्या दिवशी साडेसहाला बंद करा. पाटी लावा. आम्ही बायका वार लक्षात ठेवतो, भाजीबाजाराचे ठेवतोच की.

रीळवाला
बाबांना विचारलं. म्हणाले, मंगळवारी दुपारी तू बस, मी वर जातो.

काउंटरच्या_आतून
आणि दोन मुलांपैकी त्या दुपारी कोण बसणार? त्यांना विचारलंत का?