तक्ते भरून धंदा चालत असता तर सियागंज बाजारात दुकानं नाही, शिकवणीवर्ग असते

पालदा_नमकीन
काल इथे एका सल्लागारसाहेबांनी लिहिलं की इंदूरचे छोटे कारखानदार मार खातात, कारण ते दर तिमाहीला बाहेरच्या परिस्थितीचा तक्ता भरत नाहीत. राजकीय, आर्थिक, सामाजिक, तंत्रज्ञान, पर्यावरण, कायदा असे सहा रकाने, आणि प्रत्येकात ‘संधी’ नि ‘धोका’. वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहून राहिलो.

साहेब, एकोणीस वर्षं इंदूरच्या पालदा भागात सेव तळतोय. बेसन चढणार की उतरणार, ते मंडीतल्या हमालांच्या गप्पांवरून कळतं. पाकिटाची प्लास्टिक फिल्म महागणार हे पाउचवाला उधारी आखडती घेतो तेव्हाच कळतं. समोरच्या शेडमध्ये रात्रपाळी लागली की समजायचं, त्याला मोठी ऑर्डर मिळाली. २२ एप्रिल २०२२, शुक्रवार. इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात थांबवतो असं जाहीर केलं. संध्याकाळी माझ्या दलालाचा फोन: ‘भिया, दीडशे डबे आत्ता उचल, सोमवारी हात लावता येणार नाही.’ पेपरात दुसऱ्या दिवशी आलं. हा फोन कुठल्या रकान्यात बसवू?

तिसरा_माळा
तो सल्लागार मीच. फोनची गोष्ट छान आहे, पण अर्धीच सांगितलीत. डबे उचलले का? आणि पुढे काय झालं?

पालदा_नमकीन
उचलले. २३ मेला बंदी उठली, जून-जुलैत भाव आपटले. डबे गळ्यात पडले. माझ्या एकट्याच्या नाही, सगळ्या इंदूरच्या.

तिसरा_माळा
सगळ्यांच्या नाही. इंडोनेशियात जेवढं पाम तेल निघतं त्यातलं निम्म्याहून जास्त बाहेर जातं. बाहेरचा रस्ता बंद केला की टाक्या भरणार, गिरण्या फळ घेईनाशा होणार, शेतकरी रस्त्यावर उतरणार. तसंच झालं, मे महिन्यात जकार्तात मोर्चे निघाले. बंदी २८ एप्रिलला लागू झाली त्या दिवशीही हे दिसत होतं. राजकीय रकान्यात एकच प्रश्न लिहायचा होता: त्या सरकारला हे किती दिवस झेपेल? तुमचा दलाल तो प्रश्न विचारणार नाही, कारण त्याच्या गोदामात माल पडून होता. फोन करणाऱ्याचा माल कुठे अडकलाय ते आधी बघावं, मग त्याला खबर म्हणावं.

रामबागची_मावशी
थांबा थांबा. म्हणजे तुम्ही सेव पाम तेलात तळता?

पालदा_नमकीन
मावशी, शेंगदाणा तेलाचा भाव बघा आणि मग बोला. दुकानदाराला पाच-दहा रुपयांचं पाकीट पाहिजे असतं. आणि पाकिटावर लिहिलेलं असतं, लपवत नाही.

रामबागची_मावशी
मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. आमच्या सासूबाई सराफ्यातून लवंग सेव कागदात बांधून आणायच्या. कागदाला तेल लागायचं, तोंडाला नाही. पुण्याच्या बहिणीला मी दर दिवाळीला सहा किलो पाठवायची. तीन वर्षांपूर्वी तिनेच सांगितलं, ताई, पाठवू नकोस, टाळूला चिकटते. तेव्हापासून बंद. दुकानात कोणी विचारलं का मला, बाई, यंदा का नाही नेत?

बायपासवाला
मावशी, पाम तेल म्हणजे काही विष नव्हे. त्यात संपृक्त चरबी जास्त, म्हणून ते लवकर खवट होत नाही, पाकीट महिनोन्महिने दुकानात राहू शकतं. त्यातलाच घट्ट भाग टाळूला चिकटतो. शेंगदाणा तेलाची सेव तेवढे दिवस टिकणार नाही.

रामबागची_मावशी
टिकवायची कोणाला आहे? आमच्याकडे डबा चार दिवसांत खडखडतो.

जेलरोड_जुना
तेलाचं सोडा, बेसनाचं बोला. डिसेंबर २०२३ पासून पिवळा वाटाणा बिनशुल्क यायला लागला. तेव्हापासून शहरातल्या अर्ध्या सेवेत चना किती आणि वाटाणा किती, देव जाणे. काय हो पालदावाले?

पालदा_नमकीन
माझ्या बेसनावर जायचं काम नाही. चनाडाळ आणून शेडमध्येच दळतो. पत्ता देतो, या, पोत्यात हात घालून बघा. आणि नाही निघाला वाटाणा तर इथेच सगळ्यांसमोर माफी मागायची. आहे तयारी?

जेलरोड_जुना
तुमचं नाव घेतलं नव्हतं. टोपी स्वतःच घातलीत.

व्यवस्थापक
दोघांनी भाषा सांभाळा. विषय तक्त्याचा आहे.

मावशीचा_भाचा
विषय केव्हाच कढईत पडला. मी तर पाम तेलावर वेगळा धागा काढा म्हणतो.

साच्याचा_पोर
मी तक्त्यावरच बोलतो. वडील इथल्याच एका कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. मालकांना काय दिसत नव्हतं? भिवंडी, इचलकरंजी, बुऱ्हाणपूरचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते. आमचे साचे आजोबांच्या वयाचे. हे जेवणाच्या सुट्टीत प्रत्येक कामगार बोलायचा. वर कोणाला सांगायची सोय नव्हती, सांगितलं तर ‘युनियनवाला’ म्हणायचे. एक दिवस भोंगा वाजला नाही. वडील तरी आठवडाभर डबा घेऊन फाटकापर्यंत जाऊन यायचे. तेव्हा साहेब, तुम्ही सहाचे साठ रकाने करा. खाली कळलेलं वर पोचतं का, हा रकाना तुमच्याकडे आहे का?

तिसरा_माळा
नाही. आणि असायला हवा होता. कोडॅकचंही तेच झालं. १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा त्यांच्याच इंजिनिअरने बनवला आणि जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. माहिती घरातच होती.

पालदा_नमकीन
आला, कोडॅक आला! मी वाटच बघत होतो. आता इंदूरचं ऐका. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४, सोयाबीन हमीभावाच्या खाली विकून राहिलं होतं, गावोगाव सहा हजारांच्या भावासाठी आंदोलन. देवासकडून येताना मी स्वतः ट्रॅक्टरांच्या रांगेत दोन तास अडकलो. तिथेच गाडीत बसून ठरवलं, हे आयात तेलावर शुल्क लावणार. महिन्याचं तेल आधीच भरलं. १४ सप्टेंबरला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ सीमाशुल्क शून्याचं २० टक्के झालं. २०२२ मध्ये गेलं होतं त्यातलं बरंच वसूल. ना तक्ता, ना तिमाही.

तिसरा_माळा
मानलं. पण राजकीय रकाना तुम्ही त्या दिवशी गाडीत बसून भरलातच. फक्त कागद नव्हता.

पालदा_नमकीन
कागद नव्हता, हेच तर सांगतोय कधीपासून! ट्रॅक्टर बघायला रस्त्यावर यावं लागतं. तुम्ही तिसऱ्या माळ्यावरून एक तरी गोष्ट आधी ओळखलीत का?

तिसरा_माळा
१५ ऑगस्ट २०२५. लाल किल्ल्यावरून सांगितलं की दिवाळीपर्यंत जीएसटी उतरणार. १६ तारखेला मी माझ्या दोन गिऱ्हाइकांना कळवलं, किमतीचे पाउच छापू नका. २२ सप्टेंबरला नमकीन १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. तुम्ही किती छापून बसला होतात?

पालदा_नमकीन
चाळीस हजार.

तिसरा_माळा
ऐकू आलं नाही.

पालदा_नमकीन
चाळीस हजार! छापखान्याने ऑगस्टअखेर सूट दिली म्हणून एकदम टाकले. जुन्या पाकिटांना सरकारने मुदत दिली म्हणून वाचलो. बायको आणि दोन्ही पोरी तीन रात्री स्टिकर लावत बसल्या. झालं समाधान? पेढे वाटू?

जेलरोड_जुना
सूट देणारा छापखाना आणि फोन करणारा दलाल, दोघे साडू दिसतात.

साच्याचा_पोर
पोरींना विचारलं होतं का छापायच्या आधी? मोबाइलवर त्यांनी भाषण तुमच्याआधी ऐकलं असेल.

पालदा_नमकीन
मोठी म्हणाली होती, बाबा थांबा. आता पुढे काही विचारू नका.

रामबागची_मावशी
स्टिकर लावायला तीन रात्री निघतात, शेंगदाणा तेलाची एक कढई लावायला वेळ नाही?

पालदा_नमकीन
मावशी, पाच किलोच्या आत वेगळी कढई परवडत नाही. आणि भाव आधी ऐका, मग बोला.

रामबागची_मावशी
सहा किलो. भाव सांगा, मी घासाघीस करणारच. पुण्याला जायची आहे, लवंग जरा सढळ हाताने टाका.